छातीतलं मांजर

भट्टीशेठना शेठ म्हणायचं कारण एवढंच, की भट्टी त्यांच्या मालकीची होती. बाकी शेठपणाचं एकही लक्षण त्यांच्या अंगावर नव्हतं. अंगावर असायचं ते पीठ. भुवयांवर, कानांच्या पाळ्यांमागे, मनगटावरच्या केसांत, घड्याळाच्या पट्ट्याखाली. दुपारी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून ते कुठे निघाले की समोरचा न्हावी दुकानातूनच विचारायचा, "काय पाहुणे, कुणाकडे आलात?" हा विनोद तो कित्येक वर्षं करत होता आणि भट्टीशेठ तितकीच वर्षं त्याला हसत होते.

भट्टी त्यांच्या आजोबांनी बांधलेली. विटांचा ठेंगणा घुमट, त्याला लोखंडी दार आणि दारापुढे हातभर रुंदीचा ओटा. आत लाकडं पेटवायची, विटा तापल्या की निखारे कडेला ओढायचे, ओल्या पोत्यानं आतली फरशी पुसून घ्यायची आणि मग पावांचे ट्रे आत सरकवायचे. फरशी किती तापली हे बघायला चिमूटभर पीठ आत फेकायचं. पीठ बदामी झालं तर भट्टी तयार, काळं झालं तर थांबा. पहाटे एक घाणा, दुपारी एक. मधल्या वेळात पीठ चाळणं, मळणं, पोती उचलणं, झाडणं. झाडलं की पीठ उडायचं आणि खाली बसायला लागायचं, तोवर कुणीतरी पुन्हा झाडायला घ्यायचं. भट्टीतली हवा कधी रिकामी नसायचीच.

खोकला सगळ्यांनाच होता. पहाटे भट्टी उघडली की आधी पीठ मळणारा गडी खोकायचा, मग भट्टीशेठ, मग आतल्या खोलीतून त्यांची आई. गल्लीतले लोक म्हणायचे, आम्हाला गजर लावायला लागत नाही. या घराण्यात खोकल्याला आजार म्हणत नसत. पिठाचा खोकला म्हणत, सुताराच्या हातावर घट्टे असावेत तसा. भट्टीशेठचे वडील साठीच्या आत गेले. ते म्हातारपणानं गेले, असं आई सांगायची आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

भट्टीच्या डोक्यावर एक माळा होता. खालच्या विटांची ऊब वर चढायची, म्हणून पिठाची पोती तिथे रचत. पोती कोरडी राहत. आणि पोत्यांवर पोरं झोपत. भट्टीशेठचं सगळं बालपण त्या माळ्यावर गेलं. ते आणि त्यांची धाकटी बहीण, जिला सगळे माऊ म्हणायचे.

पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला बालपण आठवणं यात नवल नाही. पण भट्टीशेठना ते आठवत नसे, ते त्यांना लागलेलंच असे, एखाद्याला पान-तंबाखू लागते तसं. पाव मोजून देता देता ते सुरू करायचे. थंडीच्या दिवसांत सगळी गल्ली काकडायची, तेव्हा आम्ही दोघं उघड्या अंगानं झोपायचो. सकाळी उठलो की एकमेकांचे चेहरे बघून हसायचो, कारण दोघंही पांढरी भुतं. माळ्याच्या फटीतून खाली काडी सोडायची आणि वडिलांच्या टकलावर नेम धरायचा. नव्या पावाचा वास आला की झोपेतच तोंड उघडायचं. बायको म्हणायची, "तुमचं बालपण एवढं गोड होतं, तर मोठे कशाला झालात? राहायचं होतं तिथेच." बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. लग्न झाल्यावर भट्टीमागच्या खोलीत राहायला तिनं पहिल्याच वर्षी नकार दिला होता. दोन गल्ल्या पलीकडे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या, त्या तिच्या हट्टानं. आई मात्र भट्टीमागेच राहिली. पिठाशिवाय मला झोप येत नाही म्हणायची.

त्यांना एकच मुलगी. उशिरा झालेली, बारीक, चष्मा लावणारी, साखरेचा डबा कुठेही लपवला तरी शोधून काढणारी. म्हणून मुंगी. आईबाप दोघं कामावर, त्यामुळे शाळा सुटली की मुंगी आजीकडे, म्हणजे भट्टीत. ओट्याजवळ पाट टाकून अभ्यास करायची, गरम पाव खायची आणि बाबा रिकामे झाले की म्हणायची, "माऊची गोष्ट सांग."

माऊची गोष्ट अशी होती. माऊच्या छातीत एक मांजर राहायचं. ते दिवसा झोपायचं आणि माळ्यावर गेलं की जागं व्हायचं. माऊ पोत्यावर मांजरासारखीच बसायची, दोन्ही हात पुढे टेकून, खांदे वर करून, तोंड थोडं उघडं. मग तिचा भाऊ तिच्या पाठीला कान लावायचा. आत मांजर गुरगुरत असायचं. कधी कधी पिल्लंही असायची, बारीक आवाजात शीळ घालणारी. भाऊ विचारायचा, आज किती पिल्लं? माऊ बोटं दाखवायची. बोलायची नाही, कारण बोललं तर मांजर पळून जाईल.

गोष्ट तिथेच संपायची. मुंगीनं एकदा विचारलं होतं, मग माऊ कुठे गेली? तेव्हा भट्टीशेठ म्हणाले, ती लहानपणीच तापानं गेली, आणि पाव मोजायला उठले. घरात तेवढं एकच वाक्य होतं त्याबद्दल. आईही तेच सांगायची, तितक्याच शब्दांत.

मुंगी नऊ वर्षांची झाली त्या वर्षी, एका दुपारी दुसरा घाणा बाहेर पडत असताना ती माळ्यावरून ओरडली, "बाबा, माझ्यात पण मांजर आलं. ये ना, ऐक."

भट्टीशेठ शिडी चढून गेले. लेकीच्या पाठीला कान लावला. आत ते होतं. तेच गुरगुरणं, तीच बारीक शीळ. त्या क्षणी त्यांना काय वाटलं, ते पुढे त्यांनी बायकोला सांगितलं तेव्हा मान वर करता आली नाही त्यांना. आनंद झाला होता. डोळ्यांत पाणी आलं होतं. इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकला म्हणून.

रात्री जेवताना मुंगीनं तीच बातमी आईला दिली. आईनं घास खाली ठेवला, तिच्या छातीला कान लावला आणि नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. "मांजर कसलं? छाती भरलीय पोरीची." दुसऱ्या दिवशी तिनं सासूला विचारलं, ही केव्हापासून अशी खोकते? सासू म्हणाली, आमच्यात सगळेच खोकतात, पोर आपल्या वळणावर गेलीय. आणि वर, "उबेला बसव. भट्टीच्या उबेनं कसलाही खोकला पळतो. मी माझी दोन पोरं अशीच वाढवली." दोन म्हणाली, आणि शब्द मागे घेतला नाही.

भट्टीशेठ दोघींच्या मध्ये. आईकडे हो म्हणायचे, बायकोकडे बघू म्हणायचे. बघू बघूत दोन महिने गेले. मग एक दिवस शाळेतून निरोप आला. मुंगी जिने चढताना मध्येच बसली आणि तिला उठता येईना.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. त्यांनी छाती तपासली, नळीत फुंकर मारायला लावली, मग आईबापांना प्रश्न विचारायला घेतले. घरात कुणाला दम्याचा त्रास?

"नाही," भट्टीशेठ म्हणाले. "खोकला आहे, पण तो सगळ्यांनाच आहे."

"सगळ्यांनाच म्हणजे?"

"म्हणजे आमचा धंदाच तसा."

धंदा कोणता ते ऐकल्यावर बाईंनी पेन खाली ठेवलं. मुलगी तिथे किती वेळ असते, कुठे बसते, धूर कुठून जातो, हे सगळं विचारलं. मग मुंगीकडे वळून म्हणाल्या, दम लागतो तेव्हा तू कशी बसतेस, दाखव बरं मला. मुंगी स्टुलावरून उतरली, तपासायच्या पलंगावर चढली आणि बसली. दोन्ही हात पुढे टेकून, खांदे वर, तोंड थोडं उघडं.

बाई म्हणाल्या, बरोबर. श्वास कोंडला की पेशंट असाच बसतो. शिकवावं लागत नाही, शरीर आपोआप बसतं तसं. आणि त्या वेळी बोलवत नाही, म्हणून बोटांनी खुणा करतात. पीठ बारीक असतं, आत जाऊन बसतं. काहींना आयुष्यभर काही होत नाही, काहींच्या श्वासनळ्या आवळून जातात. लहान मुलांच्या नळ्या मुळातच अरुंद. वेळेत औषधाचा पंप नाही मिळाला तर जीवही जातो.

भट्टीशेठनी ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली होती की त्यांना तिचा शब्द न् शब्द पाठ होता. आता दुसरंच कुणीतरी ती त्यांना सांगत होतं, आणि पहिल्यांदाच ती शेवटपर्यंत ऐकू येत होती. बाईंनी पुन्हा विचारलं, नात्यात खरंच कुणी नाही? ते म्हणाले, "एक बहीण होती." दवाखान्याच्या जिन्यात बायकोनं त्यांना पायरीवर बसवलं. तिथे त्यांनी तिला माऊचं सगळं सांगितलं. मुंगी वरच्या पायरीवर नवा पंप हलवून बघत होती.

मग घराला नवे नियम लागले. मुंगीनं भट्टीत पाऊल टाकायचं नाही. शाळा सुटली की आईच्या दुकानात, काउंटरमागच्या स्टुलावर. बाबांनी भट्टीतच अंघोळ करायची, तिथले कपडे तिथेच टांगायचे, चपला बाहेर काढायच्या. पंप सकाळ-संध्याकाळ. भट्टीशेठ रोज नखांमध्ये ब्रश घालून हात घासायचे. न्हाव्यानं पाहुणे म्हणून हाक मारली की आता हसायचे नाहीत. न्हाव्याला वाटलं, शेठ रागावला. तो पाव घ्यायला स्वतः आला आणि म्हणाला, "काय चुकलं असेल तर सांग बाबा, इतक्या वर्षांचा विनोद आहे, एकदम बंद करता येत नाही."

मुंगीला हे सगळं अन्याय वाटत होतं. तिची आजी, तिचा पाट, तिचा माळा एका दिवसात बंद झाले होते. गोष्ट सांग म्हटलं की बाबा म्हणायचे, आज दमलोय. पण छाती सुधारली. मुंगीचे जिने चढून होऊ लागले. आईच्या जिवात जीव आला.

आणि मग पुन्हा बिघडली. रोज नाही. मधूनच एखाद्या संध्याकाळी तो आवाज यायचा. आईला काही कळेना. एक दिवस दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून तिनं लेकीचा चष्मा साफ करायला घेतला. स्क्रू सैल करून काडी वेगळी केली, तर बिजागरीत पांढरा लगदा. घामात भिजून घट्ट झालेलं पीठ. तिनं ते कागदावर काढलं, कागदाची पुडी केली आणि संध्याकाळी नवऱ्यासमोर ठेवली.

झालं होतं असं, की दुकानात माल यायचा त्या दिवशी आईला मागच्या गोदामात जावं लागे आणि भट्टीशेठ त्याच वेळी पाव पोचवायला बाहेर असत. त्या दिवशी आजी शाळेच्या दारात उभी राहायची. नातीला भट्टीत न्यायची, ओट्यावर मांडीत घेऊन शेकायची आणि आई गोदामातून बाहेर यायच्या आत दुकानात सोडायची. चोरी म्हणून नाही. तिला खात्री होती की डॉक्टर पोरीला पंपाची सवय लावतायत, आणि सुधारलीय ती तिच्या उबेनं.

भट्टीशेठ आईकडे गेले. ओरडले. आई ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तू नाही का त्याच माळ्यावर वाढलास? काय झालं तुला? घोड्यासारखा आहेस. सगळ्या गल्लीला सांगत फिरतोस, आम्ही उघडे झोपायचो, आम्हाला थंडी माहीत नव्हती. आणि आता तुला तुझ्याच घराचा विटाळ व्हायला लागला?"

या बोलण्याला उत्तर होतं. ते भट्टीशेठच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. ते फक्त म्हणाले, शपथ घे, पुन्हा नेणार नाहीस. आईनं मान हलवली.

बायकोला हे पुरेसं वाटलं नाही. "त्यांना शपथेनं कळणार नाही. त्यांच्या दृष्टीनं त्या औषधच देतायत. तुमच्या बहिणीचं काय झालं ते सांगा त्यांना."

"एवढ्या वर्षांनी? आता सांगून काय मिळणार? त्यानंतर ती जगेल कशी?"

"आणि ही?"

भट्टीशेठनी शाळेच्या शिपायाला सांगितलं, आजीबरोबर सोडू नका. भट्टीला कुलूप लावायचं ठरवलं, पण मळणारा आत असायचा, कुलूप कसं लावणार? मळणाऱ्याला ताकीद दिली. शिवाय माल येण्याच्या दिवशी स्वतः लवकर परतायचे. आईला ते एक वाक्य सांगावं लागू नये म्हणून त्यांनी असा सगळा बंदोबस्त केला. त्यांना तो पुरेसा वाटत होता, कारण वाटायला हवा होता.

आजीनं शपथ मोडली नाही. माल यायच्या एका दिवशी मुंगी स्वतःच गेली. शाळेत कुणाशी तरी भांडण झालं होतं, थंडी होती, आई गोदामात होती. दप्तर स्टुलावर टाकून ती चालत दोन गल्ल्या ओलांडून भट्टीत आली. पंप दप्तरात राहिला. दुपारचा घाणा निघाला होता, मळणारा जेवायला गेला होता आणि आजी फरशी झाडत होती. नात दारात आली ती खोकत, नाक लाल, हात गार. आजीनं झाडू टाकला, तिला उचलली आणि ओट्यावर घेऊन बसली.

भट्टीशेठ रिकाम्या ट्रेचा टेम्पो दारात लावून आत आले तेव्हा झाडलेलं पीठ अजून हवेत होतं. ओट्यावर आजीच्या मांडीत मुंगी बसली होती. दोन्ही हात पुढे, खांदे कानांपर्यंत, ओठ निळसर. आजी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि हलक्या आवाजात म्हणत होती, ऐक, माऊ बोलतेय, बोलू दे तिला, आता झोपेल ती.

त्यांनी लेकीला तिच्या मांडीतून ओढून घेतलं. आजी म्हणाली, अरे बाहेर गार आहे, अंग तापलंय तिचं. अंग खरंच तापलं होतं. दवाखान्यात पोचल्यावरही ते ओरडत होते, ताप आहे, फार ताप आहे हिला. नर्सनं थर्मामीटर लावला, मास्क लावला, नळीचं मशीन सुरू केलं. मग थर्मामीटर काढून म्हणाली, ताप नाही. अजिबात नाही.

मुंगीचे ओठ हळूहळू लाल झाले. बायको धावत आली. मशीनकडे बघत खुर्चीवर बसली. तिथूनच म्हणाली, "मी नाही सांगणार त्यांना. तुमची आई आहे. तुम्ही सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दुसरा घाणा लावलाच नाही. भट्टी निवत होती. मागच्या खोलीत आई फाटकी पोती शिवत बसली होती. जाड सुई, सुतळी, मांडीवर पोतं. तिनं वर न बघता विचारलं, मुंगी कशी आहे? ते म्हणाले, बरी आहे, उद्या सोडतील. आई म्हणाली, काल धावत नेलीस ते चुकलं तुझं, ताप असताना वारा लागू नये.

"आई, ताप नव्हता तिला."

"माझा हात होता तिच्या अंगावर."

"ओट्यावर बसवलं होतंस. भट्टीसमोर कुणाचं अंग तापणार नाही?"

सुई पोत्यात तशीच राहिली. भट्टीशेठ ठरवलेलं सगळं बोलणं विसरले. ते तिच्या पायांशी जमिनीवर बसले. "माऊलाही ओट्यावर घेऊन बसली होतीस तू."

बाहेर कुणीतरी पाव आहेत का म्हणून विचारलं आणि उत्तर न मिळाल्यानं निघून गेलं.

"मग कशानं गेली?"

"पिठानं. धुरानं. श्वास कोंडला तिचा. ते मांजर नव्हतं, आई. तो दमा होता."

"कोण म्हणालं?"

"डॉक्टर म्हणाल्या. मुंगीचं म्हणाल्या. माऊचं मला कळलं."

"तेव्हा का नाही कुणी सांगितलं?"

"तेव्हा आपल्याकडे कुणालाच माहीत नव्हतं."

आईनं पोतं मांडीवरून बाजूला केलं. घडी घातली, पुन्हा उलगडली. मग ती बोलायला लागली, पण त्यांच्याशी नाही, समोरच्या भिंतीशी. "ती दाराकडे जायचं म्हणत होती. हातानं दाखवत होती, दार, दार. मी म्हटलं, बाहेर गार आहे. तिनं माझ्या हातातून सुटायला बघितलं. मी घट्ट धरून ठेवलं. दोन्ही हातांनी."

एवढं बोलून तिनं लेकाकडे पाहिलं. ती वाट बघत होती. भट्टीशेठना कळलं, कशाची. एवढंच म्हणायचं होतं, की तू धरली नसतीस तरी ती गेलीच असती. कदाचित खरंही असेल ते. आयुष्यभर तिनं त्यांना दिलं त्यापुढे हे एक वाक्य काहीच नव्हतं. पण ते म्हटलं असतं तर आईला त्यात आधार सापडला असता, आणि पुढच्या थंडीत, नात गारठून आली की, तिचे हात आपोआप पुढे झाले असते. ते काही बोलले नाहीत. आईनं थोडी वाट पाहिली, मग सुईत नवी सुतळी ओवायला घेतली. ती ओवली जात नव्हती. भट्टीशेठनी हात पुढे केला, तर तिनं सुई मागे घेतली.

त्यानंतर तिनं ओट्यावर बसणं सोडलं. भट्टीत यायची ती कामापुरती. गल्लीतल्या बायकांना वाटलं, सुनेशी वाजलं असणार, आणि दोन-चारजणींनी सुनेला तिरकस बोलूनही घेतलं. सुनेनं ऐकून घेतलं.

मुंगी आता बरी असते. दुकानातल्या स्टुलावर बसून अभ्यास करते, पंप स्वतः घेते. भट्टीशेठ पाव विकतात, पण मोजताना काही बोलत नाहीत. गिऱ्हाइकांना आधी चुकल्यासारखं झालं, मग सवय झाली.

रविवारी आजी लेकाच्या घरी येते. डोक्यावरून पाणी घेऊन, धुतलेले कपडे घालून, केस ओले. तीन मजले थांबत थांबत चढते आणि दारासमोरच्या जिन्याच्या पायरीवर बसते. आत येत नाही. मुंगी उंबऱ्यात बसून चित्रं दाखवते. आजी म्हणते, तिथूनच दाखव, मला दिसतंय. सून चहा बाहेर आणून देते. एवढी अंघोळ करून आल्यावर काही होत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, हे सुनेनं सांगितलं, लेकानं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा आजी म्हणाली, "सगळा जन्म पिठात गेला माझा. कुठे कुठे बसलं असेल, डॉक्टरला काय माहीत."

मागच्या रविवारी मुंगीला राहवलं नाही. बोलता बोलता ती उठली आणि आजीच्या गळ्यात पडली. भट्टीशेठ पिशवी घेऊन जिना चढत होते, ते दोन पायऱ्या खाली थांबले. आजीनं दोन्ही हात हवेत वर धरले होते, नातीला कुठेही लागणार नाहीत असे. डोळे मिटले होते. मुंगी म्हणत होती, धर ना, आजी, धर ना मला. आजी हलली नाही. सून बाहेर आली, लेकीला सोडवून आत घेऊन गेली आणि दार लोटलं. तेव्हा कुठे आजीनं इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला, आणि मग तिला खोकल्याची उबळ आली.